डावीकडचं वर्तुळ

हंसावहिनीने मोटारसायकल शिकायचं ठरवलं तेव्हा आमच्या घरात ती चालवता येणारं कोणी उरलं नव्हतं. चालवायचा तो माझा भाऊ, शत्रुघ्न. २००३ च्या मार्चमध्ये त्याला कावीळ झाली आणि अकराव्या दिवशी तो गेला. तेव्हापासून गाडी पडवीत उभी होती. आई अंगण झाडताना तिच्या चाकांभोवतीचा कचरा काढायची, पण गाडीला हात लावायची नाही.

वडील मी दहावीत असतानाच गेले होते. त्यामुळे घरात आम्ही चौघी राहिलो: आई, वहिनी, तिची सहा वर्षांची आर्या आणि मी. मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाले होते आणि माणिकपूरला एका क्लासमध्ये अकरावी-बारावीला शिकवत होते.

आमचं गाव वसईच्या खाडीकडचं. सकाळी आठच्या आधी तिथे रिक्षा येत नाही. आणि वहिनीला मिळू पाहणारं काम तर साडेसातच्या आत संपवायचं होतं. लग्नाआधी सफाळ्याला असताना तिने लॅबचा कोर्स केला होता. माणिकपूरच्या एका डॉक्टरीणबाईंना घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने आणणारी बाई हवी होती. पेशंट कामण-चिंचोटीच्या बाजूचे, नमुने उपाशीपोटी घ्यायचे. अट अशी की गाडी स्वतःची हवी आणि लायसन पक्कं हवं. काम एक मार्चपासून.

तारखेला आणखी एक कारण होतं. आमच्याकडे वर्ष पुरं होईपर्यंत विधवा सून सासरचं घर सोडत नाही. वर्षश्राद्ध झालं की माहेरचा माणूस येतो आणि सगळ्यांसमोर विचारतो, येतेस का. दादाचं वर्षश्राद्ध तिथीप्रमाणे फेब्रुवारीच्या शेवटी येत होतं. वहिनीचा भाऊ जयवंत याने फोनवर आधीच सांगून ठेवलं होतं की सफाळ्याच्या शाळेत आर्यासाठी जागा बघितली आहे.

वहिनीने ही गोष्ट आमच्यापासून लपवली नाही. एकदा तांदूळ निवडताना ती मला म्हणाली, "काम मिळालं तर मी इथेच राहीन. नाही मिळालं तर इथे बसून काय करू? तुम्ही माझ्याकडे बघणार, मी तुमच्याकडे बघणार. तिघींना एकच माणूस आठवणार."

मला ती जायला नको होती. दादाला ओळखणारी माणसं एका घरात जितकी जास्त, तितका तो हळूहळू विसरला जाईल, असं मला वाटायचं. यात सिद्ध करता येण्यासारखं काही नव्हतं. तरी वाटायचं.

आईला वाटलं होतं वहिनी साडीवरच शिकेल. तसं जमणार नाही म्हटल्यावर ती म्हणाली, "पाय टाकून बसनार म्हंजे? बस. लोक काय, सहा दिवस बोलतील." आणि तिने माझे दोन जुने ड्रेस काढून त्यांच्या बाजूच्या शिवणी स्वतः उसवून सैल केल्या.

शिकवायला आला एडवर्ड. दादाचा शाळेपासूनचा दोस्त, राजोडीच्या रस्त्याला त्याचं छोटं गॅरेज. दादाला तो शत्रू म्हणायचा आणि अजूनही "शत्रूची गाडी" असंच म्हणत होता. गाडी सुरू करून द्यायला त्याला अख्खा दिवस लागला. टाकी धुतली, कार्बोरेटर उघडला, बॅटरी बदलली. शेवटी इंजिनाने आवाज धरला तेव्हा आई आतल्या खोलीत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

जागा म्हणून मी राजोडीचा किनारा सुचवला. गावातला बांध अरुंद, दोन्ही बाजूंना पाणी, आणि बघायला अख्खं गाव. किनाऱ्यावर ओहोटीला वाळू ओली आणि टणक असते. वेळ मी कॅलेंडरवरून काढायचे. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ मिळते, त्यापुढे सहा तासांनी ओहोटी. त्यामुळे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास आठवडाभर संध्याकाळी वाळू मोकळी मिळायची. एडवर्डला हे गणित फार आवडलं. खारं पाणी चेन खाऊन टाकेल अशी कुरकुर तो रोज करायचा आणि रोज चेनला तेल पाजायचा.

त्याने वहिनीला क्लच शिकवला, गिअर शिकवले. मी मागचं हँडल धरून पळायचे. पळता पळता मी तिला समजावत असे की गाडी हळू असली की पडते, वेग आला की स्वतःला सावरते, तेव्हा घाबरून वेग कमी करू नकोस. एडवर्ड थांबून हसायचा.

"ए मास्तरीण, तू स्वतः कधी चालवलीयस का गं?"

"नाही."

"मग श्वास वाचव. पळ नुसती."

डिसेंबरच्या शेवटी वहिनी एकटी सरळ जाऊ लागली. पहिल्यांदा ती आमच्यापासून पार मच्छीमारांच्या होड्यांपर्यंत गेली, तिथे थांबली, आणि तिला परत वळता येईना. ती उतरली, गाडी ढकलून फिरवली आणि परत आली. आम्ही तिघं खूप हसलो. ती हसली तशी मी तिला नऊ महिन्यांत पाहिली नव्हती. वळण तेव्हाच नीट पाहायला हवं होतं, हे मला आता कळतं.

कच्चं लायसन डिसेंबरातच मिळालं होतं. महिना झाल्यावर पक्क्याची चाचणी. चाचणीचं शिबिर महिन्यातून एकदा एका मैदानावर भरायचं. चुन्याने मोठा इंग्रजी आठ काढलेला असायचा. पाय न टेकवता, रेषेबाहेर न जाता तो आठ पुरा करायचा.

जानेवारीतल्या शिबिरात रांगेत चाळीस-पन्नास पुरुष होते आणि वहिनी. तिचा नंबर आला तेव्हा सगळी कुजबुज थांबली. उजवीकडचा फेरा तिने इतका स्वच्छ घेतला की चाचणी घेणाऱ्या साहेबांनी कागदावरून मान वर केली. मग गाडी मधल्या फुलीवरून डाव्या फेऱ्यात शिरली आणि बाहेर बाहेर जाऊ लागली. चुन्याची रेष चाकाखाली आली. वहिनीने पाय टेकला.

साहेब रागावले नाहीत. म्हणाले, "बाई, अर्धा तर उत्तम येतो. अर्धा पुढच्या महिन्यात दाखवा."

घरी येताना एडवर्ड म्हणाला की तो कुणाशी तरी बोलून बघेल, ओळखीने काही होतं का. वहिनी म्हणाली, "लायसन मिळेल हो. पण डावीकडे वळताच आलं नाही, तर मी रोज कामणला जाणार कशी?"

मला मात्र प्रश्न पडला. ज्या बाईला उजवीकडे वळता येतं तिला डावीकडे का येऊ नये? गाडी दोन्हीकडून सारखीच आहे. एडवर्डने हँडल तपासलं, चाकं तपासली, स्वतः डावीकडे दहा फेरे मारले. गाडीत दोष नव्हता.

अमावास्येला आम्ही पुन्हा किनाऱ्यावर गेलो. मी दोरी आणि मीटरचा टेप घेतला होता. ओल्या वाळूत चाकाचा माग स्पष्ट उठतो. वहिनीला मी उजवीकडे पाच आणि डावीकडे पाच फेरे घ्यायला लावले आणि प्रत्येकाची त्रिज्या मोजली. उजवीकडची सरासरी दोन मीटर ऐंशी. डावीकडची चार साठ. फरक चुकून येणारा नव्हता, दर वेळी येणारा होता. मग मी मोजणं सोडून तिच्या पाठीकडे पाहायला लागले.

डावीकडे वळताना गाडी डावीकडे कलत होती आणि वहिनीची पाठ मात्र उजवीकडे मागे जात होती. हलकेच. एखादी बाई कठड्यावरून खाली वाकून पाहताना जशी स्वतःला मागे धरते, तशी.

मी हे कुठे पाहिलं होतं ते मला लगेच आठवलं. रोज पाहिलं होतं, घराच्या पायरीवरून. नऊ वर्षं ती दादाच्या मागे बसली होती. साडीत, दोन्ही पाय डाव्या बाजूला, उजवा हात त्याच्या खांद्यावर. तशा बसणाऱ्या बाईचं तोंड डावीकडे असतं. गाडी डावीकडे कलली की तिच्यासमोर एकदम जमीन येते, आणि ती पडू नये म्हणून मागे रेलते. म्हणजे उजवीकडे. नऊ वर्षांत अशी किती डावी वळणं झाली असतील याचा मी तिथेच अंदाज केला. दिवसाला दहा धरली तरी तीस हजारांच्या वर.

मला इतका आनंद झाला की मी धावतच तिच्याकडे गेले. वाळूत काडीने चित्र काढून दाखवलं. हा दादा, ही तू, हे तुझं वजन.

वहिनी चित्राकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "मी मागे झाले की ते हँडल जरा जास्त वळवायचे. मला जाणवायचं खांद्यातून. मला वाटायचं त्यांची पद्धतच तशी आहे."

"त्याची पद्धत नव्हती ती. तुझ्यामुळे करत होता. तू आणि तो मिळून एक समतोल होता. तू अजून तुझा अर्धा भाग बरोब्बर करतेयस. त्याचा अर्धा भाग करणारा नाही, म्हणून गाडी बाहेर जाते."

हे वाक्य मी असंच्या असं बोलले. मला ते स्पष्ट वाटलं होतं. स्पष्ट होतंही.

"आणि सराव केला की हे जाईल?"

"नक्की जाईल."

तिने मान हलवली. त्या संध्याकाळी तिने पुढे गाडी चालवली नाही. एडवर्डने गाडी घरी आणून दिली आणि आम्ही रिक्षाने आलो.

त्यानंतर दुसऱ्या दिवशी आर्याला सर्दी होती. त्याच्या पुढच्या दिवशी वहिनीची मान दुखत होती. मग म्हणे आज भाजी तोडायची आहे. चांगल्या ओहोटीचे पाच दिवस गेले. मी कॅलेंडर दाखवायचे, ती "उद्या" म्हणायची. सहाव्या दिवशी जयवंतचा फोन आला तेव्हा ती त्याला शाळेच्या गणवेशाचा रंग विचारत होती.

आईने मला मागीलदारी बोलावलं आणि विचारलं की हंसाला काय झालंय. मी सगळं सांगितलं. चित्रसुद्धा हाताने हवेत काढून दाखवलं. आई ऐकत होती, हातातला कोयता तसाच.

"तुला कलालं ते बरं झालं," ती म्हणाली. "पन तिला सांगायचं कशाला? डावीकडं झुक म्हनायचं, एवढंच. ती झुकली असती."

वर्गात मी मुलांना सांगायचे की कारण कळलं की चूक आपोआप सुधारते. वहिनीची चूक तिच्या नकळत सुधारली असती. ती सवय नकळत गेली असती आणि कधी गेली हे तिला कळलंही नसतं. आता मात्र तिला तीस हजार वळणं स्वतःच्या हाताने पुसायची होती. आणि हे काम तिला मी नेमून दिलं होतं.

त्या दिवशी आई वहिनीशी काय बोलली ते मला माहीत नाही. दोघी बराच वेळ विहिरीवर होत्या. दुसऱ्या दिवशी वहिनी माझ्या खोलीत आली. मी पेपर तपासत होते.

"मीरा, एक विचारू? उजवीकडच्या दोन फेऱ्यांचा आठ होत नाही का?"

"नाही. मग तो एकच गोल दोनदा होतो."

"हं." ती पलंगाच्या कडेला बसली. "आणि ते जातं म्हणालीस ते पूर्ण जातं का?"

मला याचं उत्तर माहीत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदाच मी माहीत नसलेली गोष्ट माहीत असल्यासारखी सांगितली. म्हटलं, शरीर जुनी सवय पुसत नाही, तिच्यावर नवी चढवतं, खाली जुनी असतेच. वहिनीने माझ्याकडे नीट पाहिलं. तिने विश्वास ठेवला की माझ्यावर दया केली, मला सांगता येणार नाही.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी आम्ही पुन्हा राजोडीला गेलो. एडवर्ड चेनला तेल देत होता. वहिनीने त्या दिवशी साडी नेसली होती आणि ड्रेस पिशवीत आणला होता. का, ते मला कळलं नाही. एडवर्ड हात धुवायला गेला तेव्हा ती हळू आवाजात म्हणाली, "तुला चालवता येत असती तर बरं झालं असतं गं. मी मागे बसले असते. एकदाच, त्या होड्यांपर्यंत."

"एडवर्डला सांगू?"

"नको. त्यांच्या खांद्यावर हात कसा ठेवू?"

तिचं म्हणणं बरोबर होतं. माझ्या डोक्यात त्या गाडीची सगळी समीकरणं होती आणि मला ती वीस फूट नेता येत नव्हती. मी तिला सॉरी म्हटलं. ती म्हणाली, वेडी आहेस का. मग सुरूच्या झाडांमागे जाऊन ती कपडे बदलून आली, साडीची घडी माझ्या हातात दिली, आणि गाडीवर बसली.

त्या दिवशी तिने फक्त डावीकडचे फेरे मारले. मी मोजायचं नाही असं ठरवलं होतं, तरी मोजले. चौसष्ट. मोजपट्टी काढली नाही. नुसतं दिसत होतं की माग आत आत येतोय. पहिल्या वीस-पंचवीस फेऱ्यांत तिची पाठ दर वेळी मागे जायची आणि ती दर वेळी तिला पुढे ओढून आणायची. पुढे पुढे ओढावी लागेना. एडवर्ड माझ्या बाजूला उभा होता. तो एरवी सारखं काहीतरी ओरडत असायचा. त्या दिवशी तो एकदाच बोलला, "बास झालं वहिनी, पाणी आलं." पाणी खरंच चाकापर्यंत आलं होतं. वहिनी थांबली नाही. आणखी तीन फेरे घेऊन थांबली. उतरली तेव्हा तिचा चेहरा ओला होता. किनाऱ्यावर वारा होता, पाणी उडत होतं.

फेब्रुवारीच्या शिबिरात तेच साहेब होते. वहिनीने आठ पुरा केला. साहेबांनी तिला आणखी एकदा करायला सांगितलं, बहुधा मागच्या वेळचं आठवून. तिने पुन्हा केला. रांगेतल्या दोन-चार जणांनी टाळ्या वाजवल्या. एडवर्डने गॅरेजसमोर सगळ्यांना लिंबू सोडा पाजला आणि शत्रूचं नाव घेऊन एक घोट जमिनीवर सांडला. वहिनी म्हणाली, त्यांना सोडा आवडायचा नाही. एडवर्ड म्हणाला, "म्हणून तर सांडला."

लायसन हातात आल्यावर डॉक्टरीणबाईंनी तिला थंडपेटी आणि सुयांचा डबा दिला. एक मार्च सोमवार होता. त्याच्या आदल्या गुरुवारी वर्षश्राद्ध.

जयवंत सकाळीच सफाळ्याहून त्याच्या मोटारसायकलवर आला. भटजी आल्यावर लक्षात आलं की केळीची पानं कमी पडताहेत. वाडीवरून आणायला हवी होती. वहिनीला कोणती तोडायची ते ठाऊक होतं, म्हणून जयवंत म्हणाला, चल मागे बस. आमच्या गाडीसमोर आई बसली होती, फुलं वगैरे घेऊन. ती गाडी बाहेर काढणं बरं दिसलं नसतं. वहिनी श्राद्धाच्या साडीत होती. ती जयवंतच्या मागे बसली, दोन्ही पाय डावीकडे, उजवा हात भावाच्या खांद्यावर.

मी अंगणात तांब्या घासत होते. आमच्या घरापासून तीस पावलांवर विहीर आहे आणि तिथून रस्ता डावीकडे वळतो. जयवंत जरा वेगातच गेला. गाडी डावीकडे कलली. वहिनी तिच्याबरोबर कलली. तिची पाठ मागे गेली नाही. जमिनीकडे तोंड करून ती गाडीबरोबर सरळ आत गेली, चालवणाऱ्या माणसासारखी.

वळण संपायच्या आत तिने मान वळवून घराकडे पाहिलं. मी दिसले असणार.

पानं आली, पिंड झाले, कावळा वेळ न लावता शिवला. जेवणं झाल्यावर जयवंतने रीतीप्रमाणे सगळ्यांसमोर विचारलं. वहिनी म्हणाली, "नको दादा. सोमवारपासून काम आहे." तो आईकडे पाहायला लागला. आईने त्याच्या पानावर आणखी एक वडा वाढला आणि म्हणाली, "आर्याला सुट्टीत घेऊन जा की. आंब्याच्या दिवसांत." यावर सगळे हसले. माझी भीती संपली होती. संपल्यासारखं वाटत मात्र नव्हतं.

संध्याकाळी जयवंत गेला. आर्या आईच्या मांडीवर झोपली. आम्ही दोघी मागीलदारी भांडी घासायला बसलो. मोठी पातेली होती, शेजारून मागून आणलेली.

"पाहिलंस ना सकाळी?" वहिनीने विचारलं.

"हो."

"मी मुद्दाम नाही गं केलं. मला वाटलं होतं, मागे बसले की तरी येईल. मी वाटच बघत होते वळणाची." तिने पातेलं पालथं केलं. "तू म्हणाली होतीस खाली असतं."

हे असं का झालं, ते मला माहीत होतं. एकदा पुढे बसून तोल शिकलेलं शरीर मागे बसल्यावरही वळण आधी ओळखतं, त्याला जमिनीची भीती वाटत नाही, आणि भीती नसली की मागे रेलायचं कारण उरत नाही. दोन वाक्यांत सांगता आलं असतं. राखेने चित्रही काढता आलं असतं.

मी तिच्या हातातलं पातेलं घेतलं आणि विसळायला लागले. ती पुढचं घासायला घेत म्हणाली की सोमवारी पाचला उठव, आधी चिंचोटीची घरं आहेत.